यंत्रयुग आणि शेतकऱ्याची नोंद

यंत्रांनीं मनुष्याचें सुख वाढविलें कीं दुःख वाढविलें, हा वाद आपल्या देशांत शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांच्यासारख्या इंजिनियरांचें मत असें कीं, यंत्रोद्योगांवांचून देशास तरणोपाय नाहीं. उलट महात्मा गांधींस यंत्रांच्या हव्यासांत खेड्यांचा नाश दिसे. या वादाचा निकाल लावण्याची आमची योग्यता नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमचें आयुष्य गेलें. खातेदारांचे अर्ज, फेरफार आणि उतारे यांपलीकडे आमची विद्या जात नाहीं. परंतु याच कागदांच्या बाजूनें यंत्रयुगाकडे पाहिलें तर एक गोष्ट स्पष्ट दिसते, आणि ती आमच्या शेतकरी वाचकांच्या पुढें मांडावी असें आम्हांस वाटतें.

आमच्या चांदे गांवासारख्या ठिकाणीं हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाहीं. मुळशी तालुक्याच्या पूर्व भागांत, नांद्याच्या शेजारीं, मुळेच्या खोऱ्यांत हें गांव आहे. एका अंगाला मुळशीचें धरण, दुसऱ्या अंगाला माण-हिंजवडीकडील संगणक-उद्योगांचें नगर. मोजणीचें यंत्र घेतलेला मनुष्य शिवारांत दिसला कीं, रस्ता कोठून जाणार आणि कोणाची जमीन जाणार, याचीच चर्चा पारावर सुरू होते. अशा वेळीं कोणी यंत्रास शिव्या देतो, कोणी हार घालावयास निघतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, यंत्र माणसाला ओळखत नाहीं. तें नोंदीला ओळखतें. जो नोंदींत नीट बसला त्याच्या पदरांत यंत्राचा लाभ पडतो, आणि जो नोंदीबाहेर राहिला त्याच्या वांट्यास यंत्राची धूळ येते. हें विधान तीन उदाहरणांनीं स्पष्ट करूं व शेवटीं शेतकऱ्यानें काय करावें तें सांगूं.

खडकवासल्याचे दरवाजे व नीरेचा कालवा

विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूर संस्थानचे. पण त्यांचें इंजिनियरीचें शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजांत झालें आणि १८८४ सालीं ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत दाखल झाले. १९०८ पर्यंत त्यांनीं या इलाख्याची नोकरी केली. त्यांच्या वेळीं खडकवासल्याच्या तलावाची अडचण अशी होती कीं, पावसाळ्यांत पूर आला म्हणजे सांडव्यावरून कित्येक फूट उंचीचें पाणी वाहून जाई, आणि उन्हाळ्यांत तेंच पाणी कमी पडे. धरणाची सबंध भिंत उंच करणें फार खर्चाचें होतें. विश्वेश्वरय्यांनीं सांडव्यावर आपोआप उघडणारे व मिटणारे दरवाजे बसविण्याची युक्ति काढली. पाणी ठराविक पातळीस येईपर्यंत दरवाजे मिटलेले राहत. त्याहून वर चढलें कीं पाण्याच्याच जोरानें ते उघडत आणि पूर ओसरला कीं पुन्हां मिटत. १९०३ च्या सुमारास झालेल्या या योजनेनें तलावांतील पाण्याची पातळी सुमारें ८ फुटांनीं वाढली. याच धर्तीचे दरवाजे पुढें म्हैसुरांतील कृष्णराजसागरावरहि बसविण्यांत आले.

हें झालें लोखंडाचें काम. त्याहून मोठें काम त्यांनीं नीरेच्या कालव्यावर केलें, आणि त्यांत लोखंड जवळजवळ नव्हतेंच. कालवा खणला म्हणजे पाणी सर्वांस मिळेल, अशी सरकारची व लोकांची समजूत होती. प्रत्यक्षांत ज्याचें शेत कालव्याच्या तोंडाशीं, त्यानें ऊंस लावावा व वाटेल तितकें पाणी घ्यावें, आणि शेपटाकडच्या गांवानें आकाशाकडे पाहावें, असें चालूं लागलें. अति पाण्यानें तोंडाकडच्या जमिनी पाणथळ झाल्या, कांहीं खारावल्या, आणि डबकीं सांचून हिंवताप वाढला. नीरेच्या खोऱ्यांतील खाऱ्या जमिनींविषयीं पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे डॉ. हॅरोल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनीं १९१० सालीं स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली, यावरून ही पीडा किती वाढली होती हें ध्यानांत येईल.

विश्वेश्वरय्यांनीं यावर जी तोड सुचविली तिला ब्लॉक पद्धति म्हणतात. पाण्याखालचें क्षेत्र कांहीं थोड्या गांवांत एकवटूं न देतां तें अनेक गांवांत तुकड्यातुकड्यांनीं वांटावें. प्रत्येक तुकड्याची हद्द नकाशावर आंखावी. तुकड्याच्या सुमारें एक-तृतीयांश भागांतच ऊंस घ्यावा, उरलेल्या भागांत हंगामी पिकें घ्यावीं व पाळीपाळीनें जागा बदलावी. आणि या बदल्यांत त्या शेतकऱ्यास कांहीं ठराविक वर्षें पाण्याची हमी असावी, अशी ती योजना होती. प्रारंभीं लोकांनीं विरोध केला, कारण वाटेल तितकें पाणी घेण्याची सवय सोडणें जड जातें. परंतु हमीचें पाणी म्हणजे काय हें कळल्यावर विरोध ओसरला. १९०१ ते १९०३ या काळांत बसलेल्या पाटबंधारे कमिशननेंहि ही पद्धति उचलून धरली.

या उदाहरणांतील तात्पर्य नीट पाहिलें पाहिजे. पाणी वाहतें तें उतारानें. पण तें कोणाच्या शेतांत जाईल हें ठरतें कागदानें. खडकवासल्याच्या दरवाजानें पाणी वाढविलें. नीरेवर विश्वेश्वरय्यांनीं तें वांटलें. पहिल्या कामास गणित पुरलें. दुसऱ्या कामास गणिताबरोबर शेतकऱ्याचा स्वभाव, गांवचा नकाशा आणि प्रत्येक तुकड्याची नोंद लागली. म्हैसूरचे दिवाणपद भूषविलेल्या आणि १९५५ सालीं भारतरत्न झालेल्या या इंजिनियराची खरी थोरवी आम्हांस येथें दिसते.

मुळशीचें धरण

नीरेवर शेतकरी नकाशांत बसला. आमच्याच तालुक्यांत त्यानंतर वीस वर्षांच्या आंत उलट प्रकार झाला.

टाटांची वीज-योजना अशी कीं, सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवावें, तें बोगद्यांतून व नळांतून कोंकणांत सोडावें, आणि त्या पडत्या पाण्याच्या जोरावर वीज करून ती मुंबईस न्यावी. खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें. त्यानंतर मुळा व निळा या नद्यांच्या संगमापाशीं मुळशीचें धरण बांधण्याचें ठरलें. या धरणाचें पाणी पूर्वेकडे आपल्या खोऱ्यांत न येतां पश्चिमेस दीड हजार फुटांहून अधिक खालीं भिऱ्याच्या वीजघरांत पडतें. तेथील वीज १९२७ पासून मुंबईस जाऊं लागली. या वीजघरांच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. १९२५ सालीं मुंबईंत विजेची आगगाडी सुरू झाली व पुढें पांच वर्षांत ती पुण्यापर्यंत आली. धुराचे भोंगे बंद झाले, प्रवास सुखाचा झाला. हा लाभ खरा आहे व तो नाकारण्यांत अर्थ नाहीं.

परंतु या लाभासाठीं पन्नासाच्या आसपास गांवांची भाताची खाचरें व घरें पाण्याखालीं जाणार होतीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांनीं त्याचें नेतृत्व केलें आणि याच लढ्यानें त्यांस सेनापति हें नांव दिलें. विनायकराव भुस्कुटे यांनींहि या कामीं मोठे श्रम घेतले. लढा १९२४ पर्यंत चालला. बापट यांस पुढें सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालें.

येथें आमच्यासारख्या कारकुनाच्या नजरेस जें दिसतें तें सांगतों. जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें घेतली गेली. हा कायदा मोबदला देतो तो नोंदलेल्या हक्कास. मुळशी पेट्यांतील बरीच जमीन कर्जाच्या पायीं पुण्याच्या सावकारांच्या नांवें झालेली होती, आणि पिढ्यान् पिढ्या ती कसणारे मावळे कूळ म्हणून राहिले होते. सावकारास जमीन म्हणजे व्याजाचें साधन. रोख मोबदला हातीं येत असेल तर त्यास धरणाचें भय कशाला? कुळास जमीन म्हणजे चूल. पण कागदावर त्याचें नांव नाहीं किंवा असून त्यास जोर नाहीं. अशा रीतीनें धरणाचा भार ज्याच्या पाठीवर पडला त्यास मोबदल्याच्या यादींत जागा मिळाली नाहीं. इंजिनियरांनीं पाण्याचें गणित अचूक केलें. माणसांचें गणित जुन्या कागदावरून जसेंच्या तसें उतरविलें.

या अनुभवांतून कायदा हळूहळू शिकला. १९४८ च्या कूळ कायद्यानें कसणाऱ्यास संरक्षण दिलें व १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून अनेक कुळें मालक झालीं. १८९४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला. त्यांत जमिनीच्या मालकाबरोबरच त्या जमिनीवर उपजीविका असलेलीं कुळें व शेतमजूर यांचींहि कुटुंबें बाधित म्हणून गणलीं जातात. तथापि तेथेंहि उपजीविका सिद्ध करावी लागते, आणि सिद्धता म्हणजे पुन्हां नोंदच.

साखळीपासून उपग्रहापर्यंत

आतां ज्या यंत्राशीं आमच्या वाचकांची नित्य गांठ पडते त्याकडे वळूं. या प्रांताच्या जमीनमोजणीचा पाया गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं १८३५ नंतर इंदापूर तालुक्यांत घातला. मोजणीचें साधन म्हणजे ३३ फुटांची साखळी. तिचे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद इतकी जागा म्हणजे एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. शंकु-साखळी घेऊन मोजणीदारानें बांधोबांध हिंडावें, टिपण काढावें, हद्दीचे दगड रोवावेत, अशी ती रीत. मागाहून फलकयंत्र आलें, नंतर ई.टी.एस. यंत्र आलें आणि आतां रोव्हर आला आहे. रोव्हर उपग्रहांचे संदेश घेतो, कायमच्या स्थिर केंद्रांकडून त्यांतील चूक दुरुस्त करून घेतो, आणि आपण उभे असलेलें स्थान कांहीं सेंटिमीटरांच्या फरकानें सांगतो. पूर्वी दिवसभर लागणारें काम कांहीं तासांत होतें.

पण यंत्राचें सामर्थ्य कोठें संपतें हें शेतकऱ्यानें समजून घेतलें पाहिजे. तुम्ही कोठें उभे आहां, हें रोव्हर सांगतो. तुमची हद्द कोठें आहे, हें त्यास ठाऊक नसतें. हद्द त्यास जुन्या टिपणावरून, फाळणीवरून व गांवनकाशावरून सांगावी लागते. एक मैल आठ इंचांत दाखविणारा नकाशा घ्या. त्यांत एका इंचास ६६० फूट पडतात. नकाशावरील रेघ इंचाच्या पन्नासाव्या भागाइतकी जाड असली, तर जमिनीवर त्या रेघेचीच रुंदी १३ फूट होते. तेव्हां सेंटिमीटरांचें यंत्र आणून तेरा फुटांच्या रेघेवर बसविलें तर तंटा मिटेलच असें नाहीं. कधीं कधीं निजलेला तंटा जागाहि होतो. म्हणून टिपणांतील मापें, जुने दगड आणि वहिवाट यांचा मेळ घातल्यावांचून केवळ यंत्राच्या आंकड्यावर विसंबूं नये.

दुसरी गोष्ट मापांची. घरांत आपण एकर-गुंठे बोलतों; सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर यांत असतें. कित्येक लोक आर म्हणजेच गुंठा असें धरून चालतात. गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर आणि आर म्हणजे १०० चौरस मीटर. फरक दिसावयास क्षुल्लक. परंतु ४० गुंठ्यांचे ४० आर धरले तर एकरामागें सुमारें ५०० चौरस फूट जागा हिशेबांतून जाते. जिराईत माळाच्या काळीं याकडे कोणी पाहिलें नसतें. आज शहराच्या वेशीवर आलेल्या गांवांत तेवढ्या जागेंत घर उभें राहतें.

तिसरी गोष्ट गांवठाणाची. शेताला सातबारा होता, पण अनेक गांवांतील घरांस मालकीचा नीट कागद नव्हता. आपल्याच जिल्ह्यांत पुरंदर तालुक्यांतील सोनोरी गांवीं ड्रोननें गांवठाणाची मोजणी प्रथम करून पाहण्यांत आली. २४ एप्रिल २०२० रोजीं स्वामित्व योजना देशभर जाहीर झाली. आकाशांतून घेतलेल्या चित्रांत घराचें छप्पर दिसतें. छपराखालीं राहणाऱ्या चार भावांचे वांटे दिसत नाहींत. ते चौकशीच्या वेळीं हजर राहून आपणच सांगावे लागतात.

चावडी आली मोबाइलांत

पूर्वी तलाठी हंगामांत शिवारफेरी करी आणि गांव नमुना बारामध्यें पीक लिही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतकऱ्यानें स्वतःच मोबाइलांत आपलें पीक नोंदविण्याची रीत पडली. शेतांत उभें राहून छायाचित्र घ्यावें, म्हणजे जागा व पीक दोन्हीं नोंदलीं जातात. सातबाऱ्याचा डिजिटल सहीचा उतारा २०१८ पासून घरबसल्या मिळूं लागला. तलाठ्याची वाट पाहत चावडीच्या पायरीवर बसण्याचें कारण पुष्कळ अंशीं संपलें. आमच्या दप्तराच्या काळांतील उताऱ्यासाठींचे हेलपाटे आठवले म्हणजे ही सोय केवढी मोठी आहे हें आम्हांस कळतें.

तथापि या सोयीनें घरांतील व गांवांतील व्यवहार पालटला आहे. चावडीवर उतारा मोठ्यानें वाचला जाई, तेव्हां चार माणसांच्या कानांवर तो पडे आणि खोटी नोंद लपत नसे. आतां सर्व व्यवहार एकट्याच्या तळहातावर होतो. ज्या घरांत म्हातारा खातेदार आहे व मोबाइल नातवाच्या हातीं आहे, तेथें शेताचा कारभार न कळत नातवाकडे गेला आहे. नातू गुणी असेल तर ठीक. परंतु ज्यांच्या घरीं नातू जवळ नाहीं, ते ओळखीच्या वा अनोळखी माणसाच्या हातीं मोबाइल देतात व त्यावर आलेला ओटीपीहि सांगतात. पूर्वी अंगठा उठविण्यास जी भीति वाटे ती भीति ओटीपी सांगण्यास वाटत नाहीं. वस्तुतः दोहोंचें वजन सारखेंच आहे. विधवा व सासरीं गेलेल्या मुली यांच्या हातीं तर बहुधा कांहींच येत नाहीं, कारण खात्यास जोडलेला मोबाइल दुसऱ्याचा असतो.

शेतकऱ्यानें काय करावें

१. वारसाची नोंद टाळूं नये. खातेदार वारल्यावर तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे वर्दी द्यावी. मुलींचीं नांवें गाळूं नयेत; २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणीची हक्कसोड घ्यावयाची असेल तर ती तिला समजावून, रीतसर नोंदणी करून घ्यावी.

२. उताऱ्यावर वडील भावाच्या नांवापुढें "ए. कु. मॅ." अशीं अक्षरें आहेत काय तें पाहावें. त्यांचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. एक पिढी सलोख्यानें जाते. पुढच्या पिढीस धाकट्या भावाच्या मुलांचें नांव कोठेंच सांपडत नाहीं. मोबदल्याची नोटीस येते ती लिहिलेल्या नांवास. म्हणून सर्व हिस्सेदारांचीं नांवें वेळींच लावून घ्यावीं.

३. तोंडी वांटपावर राहूं नये. बांध घातले म्हणजे पोटहिस्सा झाला, असें नाहीं. वांटप कागदावर करून मोजणी करावी व नकाशा दुरुस्त करून घ्यावा. सातबारा व नकाशा यांचें क्षेत्र एक आहे कीं नाहीं तें पाहावें.

४. प्रत्येक हंगामांत पीक नोंदवावें; विहीर, बोअर व फळझाडें यांचीहि नोंद करावी. जमीन संपादनांत गेली तर विहिरीचें व झाडांचें मोल वेगळें धरलें जातें. पण जें नोंदींत नाहीं तें त्या दिवशीं सिद्ध करणें कठीण होतें.

५. फेरफाराची नोटीस आली तर ती खिशांत घालून विसरूं नये. हरकत असेल तर मुदतींत लेखी द्यावी व पोंच घ्यावी. जमीन महसूल संहितेप्रमाणें हक्कनोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते. मालकीचा अंतिम निकाल न्यायालय देतें. परंतु तोंवर ओझें असतें तें नोंद खोटी म्हणणाऱ्यावर. लेखनाची चूक असेल तर ती संहितेच्या १५५ व्या कलमाखालीं अर्ज करून दुरुस्त करवितां येते.

६. मोजणीच्या दिवशीं स्वतः हजर राहावें, लगतच्या खातेदारांसहि बोलवावें, आणि जुने दगड दाखवावेत. घाई असली तरी न वाचतां सही करूं नये.

७. जुनीं कागदपत्रें, मग तीं टिपणाच्या नकला असोत, आजोबांचें खरेदीखत असो वा जुना हस्तलिखित सातबारा असो, फेंकूं नयेत. संगणकांतील उतारा त्याच कागदांवरून उतरविलेला आहे. उतरवितांना चूक झाली असेल तर ती पकडण्याचें साधन तेंच.

हीं कामें करावयास फार खर्च येत नाहीं. येतो तो कंटाळा. परंतु रस्त्याची आंखणी जाहीर झाल्यावर तींच कामें करावयास गेलें म्हणजे भाऊ भावास ओळखत नाहीं आणि दलाल मात्र सर्वांस ओळखतो. धरण येवो, रस्ता येवो, कारखाना येवो अथवा आकाशांतून मोजणी होवो, त्या दिवशीं जमिनीची जी नोंद असेल तीच शेतकऱ्याच्या वतीनें बोलणार. मुळशीच्या मावळ्यांस ही संधि मिळाली नाहीं. आपणांस ती आहे. ज्यांच्या उताऱ्यावर अजून वारलेल्या आजोबांचें नांव आहे त्यांनीं हा अंक खालीं ठेवून प्रथम वारसाचा अर्ज लिहावा, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.